दसऱ्यानंतरचा ताप

राजुऱ्याकडच्या आमच्या सिमेंट कारखान्यात खंडेनवमीला यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून पुजायची पद्धत होती. फिटर मंडळी त्या दिवशी प्रत्येक बेअरिंगमध्ये भक्तिभावाने ग्रीस ठासून भरत. जास्त ग्रीसने बेअरिंग तापतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण नैवेद्य मोजून कोण दाखवतो? चार दिवसांत ताप उतरायचा.

त्या काळात मी कम्प्युटरवर एक प्रोग्रॅम तयार केला होता. यंत्रांच्या तापमानाच्या आणि कंपनांच्या जुन्या नोंदी त्याला शिकवायच्या, आणि त्यावरून कोणतं यंत्र बिघडणार ते त्याने आधीच सांगायचं. हे खूळ मी डोक्यात का घेतलं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. भट्टीच्या मोठ्या पंख्याचं बेअरिंग एकदा चालताचालता फुटलं, तेव्हा पाळीवरचा इंजिनिअर मीच होतो. एका फिटरचा हात भाजला. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही, पण त्याच्या हाताकडे मला बघवत नसे.

एका दसऱ्यानंतर प्रोग्रॅमने नेमका त्याच पंख्याचा इशारा दिला. तो फिटर आता फोरमन झाला होता. तो हसायलाच लागला.

"साहेब, तुमच्या कम्प्युटरले दसरा समजत नाई काय? पूजेचं ग्रीस हाय ते. उतरते."

"भाऊ, मागचे सगळे दसरे त्याला शिकवलेत. हा ताप तसला नाही म्हणतोय."

"मंग काय, भट्टी बंद करता? मोठे साहेब तुम्हालेच भट्टीत टाकतीन!"

भट्टी थांबवायची परवानगी मागायला गेलो, तेव्हा मोठ्या साहेबांनी एवढंच विचारलं, "उघडून काही निघालं नाही तर?"

"तर प्रोग्रॅम मी स्वतः पुसून टाकीन."  त्या पंख्याशेजारी रोज माणसं उभी असतात, याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

भट्टी थांबवली, पंखा थांबला. फोरमनने बेअरिंग उघडलं, बोटांनी ग्रीस निपटून काढलं आणि बॅटरी जवळ धरली. बाहेरच्या कड्याला आरपार तडा गेला होता.  त्याने खाली उभ्या फिटरांना हाक मारली, "अबे, या वर! पाहा! आणखी चालला असता तर आपल्यातला एखादा गेला असता ना!"

सगळे दाटीवाटीने वाकून तो तडा पाहू लागले. कुणीतरी ग्रीसच्याच हाताने माझी पाठ थोपटली. फोरमन माझ्याकडे वळला.

"साहेब, इथी काऊन उभे? जा ना, बाकीच्या पंख्यांचं विचारा त्याले!"

मी जिन्यावरून अक्षरशः धावत सुटलो.