ओल्या काचेतली नात

बदलापूर गावात आमच्या आळीत तान्ह्या बाळाला आंघोळ घालायची तर मला बोलावतात. मी पाटावर पाय पसरून बसते, बाळाला नडग्यांवर आडवं घेते, आणि पाणी पडल्यावर ते किती जोरात रडतं यावरून त्याच्या आईला सांगते की पोर खणखणीत आहे, काळजी नको. हा मान मला कुणी दिला नाही, मीच घेतला. त्यामुळे माझी लेक सातव्या महिन्यात माहेरी आली त्याच दिवशी मी वेखंड, डाळीचं पीठ आणि नवी शेगडी घरात आणून ठेवली. नात माझ्याहून घाईची निघाली. आठवड्याभरातच आली.

उल्हासनगरच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. वीतभर जीव, लालभडक, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. पण माझं लक्ष गेलं काचेकडे. काचेला आतून पाण्याचे थेंब लागले होते. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ओलं फडकंही राहू देत नाहीत. शेक, धुरी, टोपडं, सगळं पोर कोरडं राहावं म्हणून. आणि इथे एवढ्याशा जिवाला दमट पेटीत निजवलेलं. राग माझ्या नाकावरच असतो. मी सिस्टरला वाट्टेल ते बोलले. पेटी गळतेय, पोरीच्या छातीत सर्दी भरेल, आधी ती काच पुसा, नाहीतर मीच पुसते.

सिस्टर अंबरनाथची, माझ्या लेकीच्याच वयाची. माझ्या तोंडाचा पट्टा थांबेपर्यंत ती उभी राहिली, मग मला बाजूला नेऊन समजावू लागली. पोटात सुरुवातीला बाळाची कातडी बंद नसतेच म्हणे. भोवतालचं पाणी तिच्यातून आत येतं, आतलं बाहेर जातं, आणि दोन्हीकडे पाणीच असल्याने काही बिघडत नाही. महिने भरत येतात तशी कातडी जाड होते, पाणी अडवायला लागते, तिच्यावर लोण्यासारखा पांढरा थर चढतो. मग बाळ भोवतालचं पाणी पितं आणि लघवीवाटे सोडतं. आमची बया ही तयारी व्हायच्या आधीच बाहेर आली होती.

"आजी, ती भिजत नाहीये, ती सुकतेय," सिस्टर म्हणाली. "तिच्या अंगातलं पाणी हवेत उडून जातंय. म्हणून हवाच ओली ठेवलीय."

काच पुसायला हातात घेतलेला पदर मी सोडून दिला. मला गप्प करणारं माणूस आमच्या आळीत अजून जन्माला यायचंय.

मग माझी रोजची दुपार त्या काचेपाशी जाऊ लागली. जावई एमआयडीसीतली पाळी संपवून तसाच कळकट कपड्यांनी यायचा आणि बाहेरूनच विचारायचा की आज वजन किती, लघवी झाली का. तिचा लंगोटसुद्धा तिथे काट्यावर ठेवून बघत. अंगातलं पाणी फार गेलं तर रक्तातलं मीठ वाढतं आणि ते जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला भीती वाटत होती, आणि ती मी लेकीला दिसू देत नव्हते.

एके दिवशी गेले तर काच कोरडी ठणठणीत. वाफेचं पाणी संपलं, पोरगी सुकली, म्हणून मी पुन्हा आरडाओरडा केला. तीच सिस्टर आली आणि चक्क हसली. पेटीतली ओल गेले काही दिवस मुद्दामच कमी करत आणली होती. बाहेरच्या हवेत आल्यावर कातडी पोटातल्यापेक्षा लवकर पिकते. आता पाणी तिचं तिनेच धरायचं होतं. जमलं की नाही, ते उद्या सकाळी काट्यावर दिसणार होतं. जी काच पुसायला मी निघाले होते तीच पुन्हा ओली करा म्हणून मी सिस्टरच्या विनवण्या केल्या. तिने ऐकलं नाही. घरी जाऊन मी गावदेवीला नवस बोलले.

सकाळी सिस्टर दाराशीच भेटली. वजन गुंजभरही घटलं नव्हतं, लंगोट ओला होता.

"धरलं आजी तिने," ती म्हणाली.

मी तिथल्या तिथे तिच्या गळ्यात पडून रडले. इतका आनंद मला लेकीच्या जन्मालाही झाला नव्हता.

नात अंगाने भरून घरी आली आणि डॉक्टरांनी न्हाऊ घालायला मोकळीक दिली, त्या दिवशी अर्धी आळी मोरीच्या दाराशी जमली. शेक-धुरीची शेगडी मात्र माळ्यावरच राहिली. मी पाटावर बसले, तिला नडग्यांवर घेतलं आणि कोमट पाण्याचा पहिला तांब्या अंगावर सोडला. पाणी तिच्या पाठीवरून घरंगळत खाली गेलं. तिने असा काही टाहो फोडला की पलीकडच्या घरातली म्हातारीही काठी टेकत आली. गंगेत घोडं न्हालं, असं कुणीतरी म्हटलं.

तेवढ्यात माझ्या साडीवर ऊन ऊन धार आली. लेक ओशाळली, दुसरी साडी आणायला धावली.

"राहू दे गं," मी म्हटलं. आणि दिवसभर ती साडी बदलली नाही.