उभा तळहात

उत्तर बंगालच्या त्या सहलीत सकाळी पाळीव हत्तींना केळी चारताना हे म्हणाले, "किती गरीब जनावर आहे गं!" मला मात्र सोंडेचा गरम, ओला श्वास हाताला लागला आणि अंगावर काटा आला. दुपारी बौद्ध मंदिरात उजवा तळहात उभा धरलेली बुद्धाची मूर्ती पाहिली. तिथले भिक्षू म्हणाले, "अंगावर धावून आलेला पिसाळलेला हत्ती या हातापुढे शांत झाला. भिऊ नकोस, असं सांगतो हा हात." तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

परतताना चहाच्या मळ्यात हे फोटो काढायला उतरले आणि पायवाटेने आत शिरले. समोरून पानं खुडणारी एक बाई आली. यांना पाहताच तिने उजवा तळहात वर केला, अगदी त्या मूर्तीसारखा. हा नमस्कारच असं समजून यांनीही हसून हात हलवला आणि हे पुढे निघाले. तिचा हात काही खाली येईना.

"मॅडम, ती थांबा म्हणतेय," ड्रायव्हर कुजबुजला. "तिच्या मागे रानहत्ती असणार."

तेवढ्यात झाडांमागे फांदी कडाडून मोडली. मी गाडीचं दार ढकलून खाली उतरले.

हात तोच. तो धीर देतोय की अडवतोय, हे ओळखायचं कसं? त्या दिवशी हत्ती आपल्या वाटेने निघून गेला. पण डोळे मिटले की ती बाई मला अजून तशीच उभी दिसते. बुद्धाच्या हातापुढे पिसाळलेला हत्ती थांबला होता. हे मात्र हात हलवून पुढे चालतच होते.