बाजारातली वैरण

परीक्षा फी भरायची म्हणून मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराशेजारी एका मिसळीच्या हॉटेलात काम मागायला गेले. मालक म्हणाले, "तीन दिवस फुकट काम बघू, मग पगाराचं." माझ्यासारख्याच नव्या आलेल्या एक मावशी भजी तळत होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी मावशींनी पदराला हात पुसले, दोन मिसळी वाढून घेतल्या आणि थेट गिऱ्हाइकांत जाऊन बसल्या. त्यांनी चौथा पाव उचलल्यावर मालक ओरडले, "याचे पैसे कोण देणार?"

मावशींनी शेजारच्या व्यापाऱ्यालाच विचारलं, "दादा, बैल जुंपून बघायला नेला, तर त्या दिवसाची वैरण कोन घालतं?"

"नेणारा! अजून कोन?"

"आइकलं का मालक?" मग मला हाक आली, "ये गं, लाजती काय? दुसरी मिसळ तुझीच हाय."

सगळं हॉटेल हसलं. मी भीतभीत बसले, पण पाव मीही तीन खाल्ले.

संध्याकाळी मालकांनी दोघींच्या हातावर दिवसाचा रोज ठेवला. आम्हाला जेवू घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल, असं त्यांना वाटलं असावं. मावशी नोटा कमरेला खोचत मला म्हणाल्या, "रोज दिला म्हनून वैरण सोडायची न्हाई बरं का."