तीन ठिपक्यांचा पंप

सुदानातल्या ओमदुर्मानच्या भंगार गल्लीत मी वीस वर्षं चहा विकतेय. नाव कल्तूम. माझ्या शेगडीसमोर सिर्र अल-खातिम उस्तादांचं दुकान. जुन्या लॉऱ्यांची इंजिनं मोडून सुटे भाग विकायचे हा त्यांचा धंदा, आणि जुन्या इंजिनात टाकाऊ काहीच नसतं हे दिवसभर ऐकवायचं हा त्यांचा छंद. हेड चांगलं असेल तर ते दुसऱ्या लॉरीला. ब्लॉक तडकलेला असेल तर होडीला नांगर. पिस्टन वितळवून भांडी. माझं चहाचं पातेलंसुद्धा एके काळी कुठल्याशा लॉरीचे चार पिस्टन होतं.

"कल्तूम, माणूस मेला की मातीत जातो, इंजिन मेलं की घराघरात जातं," असं म्हणत ते दुसरा ग्लास फुकट उकळायचे.

विकलेल्या प्रत्येक भागावर ते तीन ठिपके ठोकायचे. ठिपके दाखवा, बदलून घेऊन जा, अशी हमी. वर बढाई, "माझा माल परत येत नाही." टायरवाला मन्सूर चिडवायचा, "उस्ताद, गिऱ्हाईकच परत येत नाही, माल कुठून येणार!" सगळी गल्ली हसायची. मीही.

उस्तादांच्या बहिणीची मुलगी बतूल. तिचा नवरा बुश्रा लॉरी घेऊन वाळवंटापार लिबियात, कुफ्राला माल पोचवायचा. गेल्या हिवाळ्यात त्याचा डिझेल पंप गेला. नवा कुठे मिळेना. उस्तादांनी एक जुना पंप काढला आणि त्यात आणखी जुन्या पंपातला दांडा बसवला. बुश्रा कुरकुरला, तेव्हा म्हणाले, "अरे, हा दांडा तावून सुलाखून निघालाय. डोळे झाकून जा." या कामात दोन दिवस गेले. बाकीच्या लॉऱ्या पुढे निघून गेल्या होत्या. बुश्रा मागून एकटाच निघाला.

त्याला अकरा महिने झाले; ना तो परतला, ना निरोप आला. बतूल नवऱ्याची बाई की विधवा, कुणालाच सांगता येईना. तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं की त्याने कुफ्रात दुसरी केली. दर गुरुवारी मामांसाठी किसरा, म्हणजे ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, आणि भेंडीचं कालवण घेऊन यायची आणि बुश्राला मनसोक्त शिव्या घालायची. शिव्या घालताना तिचा चेहरा उजळायचा. ज्याच्यावर रागवायचं तो जिवंत हवा ना.

परवाच्या गुरुवारी सकाळी डोंगोलाच्या एका व्यापाऱ्याने गाडीभर भंगार उतरवलं. उस्ताद ढीग उपसत होते. मी चहा घेऊन गेले तर त्यांच्या हातात एक डिझेल पंप, त्यावर तीन ठिपके.

"आला की नाही तुमचा माल परत!" मी टाळी वाजवून म्हणाले. उस्तादांनी मान वर केली, आणि माझी जीभ मलाच नकोशी झाली.

"हा कुठला?" त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं.

"उंटवाल्यांकडून आला. वाळूत एक लॉरी उभी होती म्हणे."

"आणि ड्रायव्हर?"

"हाजी, मी वजनावर घेतो. एवढं कोण विचारतं?"

तो गेल्यावर उस्ताद खाली बसले. टाकून दिलेल्या गाडीतून पंप काढणारे छिन्नीने नळ्या तोडतात. इथे एकेक नट पान्याने सोडवलेला होता. वाळू जाऊ नये म्हणून प्रत्येक तोंडात पागोट्याच्या कापडाचा बोळा होता.

"ही सवय मीच लावली बुश्राला," उस्ताद म्हणाले. मग त्यांनी पंप उघडला. आत त्यांनीच बसवलेल्या त्या जुन्या दांड्याचे दोन तुकडे.

"तिथे एकटा बसून दुरुस्त करत होता गं. माझ्या हमीवर गेला पोरगा."

मला रडू आलं आणि रागही आला. "बतूलला आजच सांगा. सव्वीस वर्षांची आहे. रडेल, विधवेची इद्दत पाळेल, पण सुटेल."

"काय सांगू? प्रेत पाहिलंय मी? कबर पाहिलीय? काझी साक्षीदार विचारेल, तेव्हा काय पंप उभा करू?"

 

तेवढ्यात बतूलच आली, डोक्यावर टोपली घेऊन. उस्तादांनी पंपावर पोतं ओढलं.

"मामा, काही खबर?"

"नाही पोरी."

"तो मेला मन्सूर काहीही बोलतो. म्हणे गाडी बंद पडली असेल वाटेत. मी म्हटलं, माझ्या मामांचा पंप आहे त्यात, बंद कशी पडेल? तुमचा माल कधी परत आलाय का मामा?"

मी उस्तादांकडे रोखून बघत होते. त्यांनी किसऱ्याचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"नाही येत," ते म्हणाले.

"मग झालं तर!" बतूल खुशीत खाली बसली. "मेला मजेत फिरत असेल गाडी घेऊन. येऊ दे घरी, मग बघते त्याच्याकडे. कल्तूम, मला पण ओत गं."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण समोर शेगडीवर चहा उतू गेला, आणि मी पातेलं उतरवायला धावले.