बुध अजून जागेवर आहे

…तर मी तांदूळ निवडत बसले होते. पाणी भरून झालं होतं, धुणं गॅलरीत वाळत होतं, शेगडीवर वरण शिजत होतं. पन्नासच्या दशकातलं घाटकोपर, आमची चाळ… माझे यजमान जाऊन दोन वर्षं होत आली होती.

शेजारच्या माई दारात आल्या. "काय वाचून दाखवलंस गं माझ्या सुनेला? कालपासून अन्नाला शिवली नाही!"

दुपारी चाळीतल्या बायकांना मी मासिक वाचून दाखवायची. त्यात एका ग्रहाची गोष्ट होती… आपल्या ताऱ्याच्या इतका जवळ, की त्याच्या झोताने झिजत चाललेला. आजोबांनी पाहिलेला डोंगर नातवाला दिसतच नाही.

माईंची सून कुसुम, सहावा महिना. आपलाही सूर्य असंच करणार, हे तिने मनात घेतलं. खिडकीला चादर लावून, ग्रहण पाळतात तशी आडवी पडली होती.

गोष्ट मला वाचतानाच खटकली होती. हॉस्पिटलातले डॉक्टर ह्यांच्याबद्दल म्हणाले होते, "आठवड्यात घरी जातील"… तेव्हापासून ठामपणे बोलणाऱ्या कुणावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

ग्रहावरची हवा उडून जाईल, हे पटत होतं. धूमकेतूचं शेपूट सूर्याच्या उलट्या दिशेला फेकलं जातं, हे मी वाचलं होतं. पण दगडाचा डोंगर, तोही दोन पिढ्यांत? लेखकाने घाई केली असावी… आमचे हे असते तर दोघं मिळून भांडलो असतो त्याच्याशी.

मग स्वतःचाच संशय आला. कुसुमने जेवावं म्हणून तर मला ते खोटं वाटत नाहीये ना?

तेव्हा बुध आठवला. सूर्याच्या सगळ्यात जवळ, कधीपासून भाजतोय… तरी आहेच की.

माईंना पुस्तकातलं सांगून उपयोग नव्हता. मी त्यांचं पंचांग मागितलं आणि म्हटलं, सूर्याला इतका चिकटलेला बुध अजून जागेवर आहे का ते बघा, मग आपल्याला कसली भीती. त्यांनी चष्मा लावला, पान काढलं आणि छातीवर हात ठेवला.

"अगं, बुधाचा अस्त लिहिलाय! गेला की तो!"

"गेला नाही हो माई. सूर्याजवळ आलाय, उजेडात दिसत नाही इतकंच. पुढचं पान बघा."

"पश्चिमेस उदय…" माई उठल्याच. "कुसुम, ऊठ गं! पंचांगात आहे तो!"

आतून बारीक आवाज आला, "आणि पंचांग चुकलं तर?"

"चुकायला ते काय मासिक आहे?"

मला हसू आलं… पण प्रश्न कुसुमचाच बरोबर होता. मीही तोच विचारला असता. त्या दिवशी ती दोन घास जेवली, चादर मात्र काढू देईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खिडकीसमोर गॅलरीत, उन्हात, पाट टाकला. चादर बाजूला होईपर्यंत तिथेच बसून राहिले.