जनूच्या स्विचची जागा

जनू गेल्याचा निरोप त्याच्या गावाहून, वैशाखऱ्याहून आला तेव्हा मी भातसानगरला, धरणाच्या वसाहतीत, एका क्वार्टरची वायरिंग उघडून बसलो होतो. खरं सांगतो, रडू आलं नाही. सुटला एकदाचा, असं वाटलं... आणि मग तसं वाटल्याचाच राग आला.

जनार्दन आमच्या बेंजो पार्टीचा ऑर्गनवाला. मुरबाडपासून शहापूरपर्यंत किती हळदी वाजवल्या आम्ही! मी ढोलकीवर, आणि वायरी जोडायलाही मीच. नव्वदच्या दशकात सगळे हलके कीबोर्ड घेत होते, तेव्हा या हट्टी माणसाने मुंबईतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून जुना इलेक्ट्रिक ऑर्गन उचलून आणला. चौघांनाही न हलणारं धूड, वर कपाटाएवढी स्पीकरची पेटी. आतला स्पीकर मोटरवर गरगर फिरायचा. हळू फिरला की सूर डोलायचा, जोरात फिरला की थरथरायचा, थांबवला की सरळ. हा वेग बदलायचा स्विच ऑर्गनवर कुठे बसवायचा, यावरून आमची चांगलीच जुंपली. मी म्हणालो उजवीकडे, वायर जवळ पडते. जनू म्हणाला, “उजवा हात सुरांवर असतो रे. त्याला कशाला उठवतोस? डाव्याला दे काम.” बसवला डावीकडे. एका हळदीत आमचा गायक मदत म्हणून स्विच दाबायला गेला, तर जनूने वाजवणंच थांबवलं. “फिरवणारा दुसरा, तर वाजवणारा मी कसला?” नवरीकडचे बघतच राहिले.

काही वर्षांनी त्याचा डावा हात स्विचवर वेळेवर पोचेना. कल्याणच्या डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, आणि त्यावर औषध नाही हेही. स्विच उजवीकडे आला. मग उजवा हातही लुळा पडू लागला, तसा तो खाली, पायाशी. प्रत्येक वेळी लाकडाला नवी भोकं पडत, जुनी तशीच राहत. पार्टी कधीच मोडली होती.

शेवटी दोन्ही हात गेले आणि जनूने खाट धरली. मला वाटलं, संपलं. तर म्हणतो, “अंगठा हलतोय अजून. खाटेच्या पायथ्याला बसव.”

“अरे, पण वाजवणार कोण?”

“सुमन धरंल एक पट्टी. फिरवीन मी.”

त्याच्या बायकोला, सुमनवहिनीला, वाजवण्यातलं काही कळत नव्हतं. ती एकच पांढरी पट्टी दाबून बसायची, आणि हा पायाच्या अंगठ्याने तो एकच सूर हळू करायचा, जोरात करायचा, डोळे मिटून. बघवायचं नाही. मी अंगणात जाऊन उभा राहायचो.

तेराव्यानंतर स्विच काढायला गेलो. वहिनी म्हणाली, “काढायच्या आदी एकदा ऐकूंद्या, भावोजी.” तिने ऑर्गन चालू करून तीच पट्टी दाबली. सूर आला तो सरळ, ताठ... तिने पायथ्याकडे पाहिलं. “तुमी फिरवा ना.”

तो स्विच प्रत्येक जागी मीच बसवला होता. हात पुढे केला, आणि मागे घेतला. वहिनीने बोट उचलेपर्यंत सूर तसाच सरळ येत राहिला. मी स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून निघालो. स्विच अजून खाटेच्या पायथ्यालाच आहे.