उस्तादाचा पहिला नग

चिनीभाऊ पहिला नग कोणालाही विकत नसत. सकाळी वाफेवरची पहिली टोपली चुलीवरून उतरली, की बोटं भाजत असतानाच ते तिच्यातला एक फुणका चिमटीत उचलायचे आणि डोक्यावरच्या फळीवर पितळी वाटीत ठेवायचे. खिडकीशी कितीही गर्दी असो, कोणाची गाडी सुटायला आलेली असो, आधी तो नग फळीवर जायचा. नवख्याने हात पुढे केलाच तर म्हणायचे, "तो उस्तादाचा हाय. तुमचा मांगून येते." संध्याकाळी दुकान आवरताना तो गार झालेला फुणका ते स्वतः खायचे. आपल्या हातचं दिवसभरात तेवढंच काय ते त्यांच्या पोटात जायचं.

नाव चिनीभाऊ असलं तरी माणूस अस्सल देऊळघाटचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. रंग काळासावळा, मिशा झुबकेदार, आणि बोलणं असं की बुलढाण्याच्या बाजाराबाहेर त्यांनी जग पाहिलं असेल यावर कोणी पैज लावली नसती. पण विशीत थोरल्या भावाशी भांडून ते घरातून निघाले ते थेट कलकत्त्याला पोचले. तिथे चिनी वस्तीतल्या एका खाणावळीत भांडी घासायला राहिले. खाणावळीचा मालक म्हातारा चिनी, एकटा जीव. त्याने या पोराला आधी पीठ मळायला लावलं, मग पारी लाटायला, आणि बऱ्याच वर्षांनी चुण्या घालायला. तोच उस्ताद. तो चिनीभाऊंना नावाने हाक मारत नसे. 'मराठा' म्हणायचा. हे सांगताना भाऊंची मान जरा ताठ व्हायची.

आईवडील थकले तेव्हा ते परत आले, लग्न केलं, आणि शेगावात स्टेशनच्या रस्त्याला खिडकीएवढी जागा घेतली, आणि उस्तादाला पत्र टाकून तसं कळवलं. बसायला बाहेर एक बाकडं, बाकी सगळा मामला बांधून न्यायचा. पारीत सारण भरून, चुण्या घालून वाफवायचा कलकत्त्याचा तो पदार्थ आमच्याकडे कोण खाणार? दर्शनाला येणारी माणसं माळकरी, चिनी म्हटल्यावर दहा हात लांब पळणारी. भाऊंनी युक्ती केली. वर पारी उस्तादाची, आत सारण आपल्या फुणक्यांचं, म्हणजे डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांचं. भिजवून भरडलेली तुरीची डाळ, शेपू, लसूण, हिरवी मिरची. पळसाच्या पानावर चार फुणके, वर कच्च्या तेलाची धार आणि बाजूला जवसाची चटणी. लोक त्यांना 'चिनी फुणके' म्हणू लागले आणि पाटीही तशीच रंगवली गेली. ज्याच्या खिशात दुसऱ्या कशालाही पुरेल एवढे पैसे नसत तो तिथे खायचा. ज्याच्या खिशात असत तोही खायचाच, फक्त बाकड्यावर न बसता घरी न्यायचा.

मीही त्या घरी नेणाऱ्यांतली. मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते आणि आईला घेऊन त्याच रस्त्यावर एका खोलीत राहत होते. आईच्या हातांचे सांधे धरलेले, मला शाळेतून यायला उशीर. बाईमाणसाने हॉटेलात बसून खायचे ते दिवस नव्हते. पण खिडकीशी उभं राहून पुडकं घ्यायला कोणाची हरकत नव्हती. मी लांबून दिसले की भाऊ पान हातात घ्यायचे. "काऊन बाई, आज पोरीयनं लय तरास देला वाटते," असं माझा चेहरा बघून म्हणायचे, आणि ते बहुधा खरं असायचं. आईसाठी एक नग नरम, बिनमिरचीचा, वेगळा बांधलेला असायचा. तो त्यांना कधी सांगावा लागला नाही.

तळणाचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. पलीकडच्या पानवाल्याने एकदा सुचवलं, की भाऊ, हेच जरा तेलातून काढा, दुप्पट खपतील. भाऊ म्हणाले, "तेल सारं झाकते बे. शिळं झाकते, कच्चं झाकते. वाफ काहीच झाकत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा बाई याले, तुमी तं शिकेल मास्तरीन." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी ते वर्गात वापरलं.

गणपतीत मोदकांना पाकळ्या घालायला आईची बोटं वळेनात आणि मला तर ते कधीच जमलं नव्हतं. मी कुरकुरत असताना भाऊंनी खिडकीतून पिठाची एक पारी माझ्या तळहातावर ठेवली आणि गिऱ्हाइकं थांबवून मला शिकवलं. "अंगठा नका हालवू. पारी फिरवा. आन् शेवटची चुणी उलटी घाला, म्हंजे वाफेत उकलत नाही. हे दुसऱ्या कोनाले येत नाही. हा माझ्या उस्तादाचा हात हाय." त्या वर्षी आमच्याकडचे मोदक बघून घरमालकीणबाई दोनदा येऊन गेल्या.

गुरुपौर्णिमेला तर ते पहिली टोपली फुकट वाटायचे. भिकारी, हमाल, यात्रेकरू, जो येईल त्याला. कोणाच्या नावाने म्हणून विचारलं तर सांगायचे, "कलकत्त्याचा एक चिनी म्हातारा हाय, त्याच्या नावानं." ऐकणारा हसायचा, पण फुणका घ्यायचा. मी माझ्या वर्गातल्या मुलींना सांगितलं होतं, की गुरूचं ऋण म्हणजे काय हे बघायचं असेल तर पोथीत बघू नका, स्टेशनच्या रस्त्याला जा. हे मी मनापासून सांगितलं होतं, आणि म्हणूनच पुढचं मला इतकं लागलं.

महाराष्ट्र राज्य होऊन अडीचएक वर्षं झाली असतील. दिवाळीच्या सुमाराला चीनशी लढाई सुरू झाली. पानवाल्याच्या दुकानातल्या रेडिओभोवती गर्दी जमू लागली, आणि त्या गर्दीला समोरची पाटी दिसू लागली. रोज चार-चार फुणके चापणारे लोक अचानक म्हणू लागले, की चिन्यांचं नाव गावात कशाला? देऊळघाटच्या माणसाला चिनी ठरवायला गावाला आठवडासुद्धा लागला नाही. कोणीतरी खिडकीवर शेण मारलं. पानवाला भला माणूस म्हणून समजवायला आला. "नाव बदला भाऊ, नाहीतं दगड पडन. तुमाले तीन पोरी हायेत."

भाऊंनी पाटी उतरवली आणि 'देशी फुणके' अशी नवी रंगवून घेतली. मला वाईट वाटलं, पण ते हसत म्हणाले, "नाव बदललं बाई, हात थोडाच बदलला?" फळीवरची वाटी जागेवर होती. पहिला नग तिच्यात पडत होता. फक्त आता नवख्याने विचारलं तर ते म्हणायचे, "देवाचा." मी तेही समजून घेतलं. दगडाची भीती मलाही वाटली असती.

लढाई थांबली. थंडी पडली. एका शनिवारी शाळा सकाळची होती म्हणून मी दुपारीच खिडकीशी उभी होते. नागपूरकडून येणारी गाडी नुकतीच येऊन गेली होती. रस्त्यावरचा गलका एकदम कमी झाला म्हणून मी मान वळवली. एक म्हातारा चालत येत होता. डोक्यावर लोकरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, आणि त्याचा चेहरा पाहून जो तो हातातलं काम टाकून उभा. कलकत्त्यातल्या चिनी लोकांच्या मागे पोलीस लागलेत, कोणाकोणाला धरून नेलं, असं कानावर होतं. तो थेट खिडकीशी आला. पाटीकडे बघितलं, टोपल्यांच्या चळतीकडे बघितलं, मग भाऊंकडे. त्याचा सगळा चेहरा सुरकुत्यांनी भरून गेला. हळूच म्हणाला, "मराठा."

मला वाटलं, भाऊ आता खिडकीवरून उडी मारून बाहेर येतील. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. भाऊंनी टोपलीचं झाकण उचललं आणि वाफेत तोंड घालून उभे राहिले. तोवर पानवाला रस्ता ओलांडून आला. त्याच्या मागे आणखी पाचसहा जण. "काऊन भाऊ," त्याने विचारलं, "पाहुना हाय का तुमचा?"

"नाही बा," भाऊ वाफेतून म्हणाले. "गिऱ्हाईक हाय."

म्हाताऱ्याने पानवाल्याकडे बघितलं, मागच्या लोकांकडे बघितलं. पुन्हा एकदा पाटी वाचल्यासारखी केली, वाचता येत नसणारच. त्याला सगळं समजलं असावं. मान हलवून म्हणाला, "हाँ. गिराहक. एक पत्ता दो."

भाऊंनी चार फुणके पानावर घातले. तेलाची धार सोडली, चटणी ठेवली. म्हाताऱ्याने नोट पुढे केली. भाऊंनी ती घेतली. घेतली, गल्ल्यात टाकली, आणि सुटे मोजून परत दिले. आणि म्हाताऱ्याच्या बरोबर समोर, फळीवरच्या वाटीत, त्याच्याच नावाचा फुणका सकाळपासून ठेवलेला होता. भाऊंचा हात तिकडे गेला नाही. मी बघत होते. नजरसुद्धा गेली नाही.

म्हातारा बाकड्यावर बसला. एक फुणका उचलून उजेडात धरला, शेवटच्या चुणीवरून बोट फिरवलं आणि खाल्ला. उरलेले पानात तसेच गुंडाळले, पिशवीत टाकले आणि आला तसा स्टेशनकडे चालू लागला. लोक पांगले.

"भाऊ," मी म्हटलं, "उस्ताद होते ना ते?"

"कोन उस्ताद, बाई?"

"तुम्हाला 'मराठा' म्हणाले ते. मी ऐकलं."

"या भागात साऱ्यायलेच मराठा म्हनते लोक." ते माझं पुडकं बांधत होते, आणि आईचा बिनमिरचीचा नग त्यांनी त्याही वेळी वेगळा बांधला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तीन पोरी उजवाच्या हायेत मले. पोलीस दारात आले तं तुमी येसान का पुढं?" तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक आलं आणि भाऊ त्याला म्हणाले, "या, गरम हाय."

मी पुडकं तिथेच ठेवलं आणि स्टेशनावर गेले. म्हातारा फलाटाच्या टोकाला बाकावर बसला होता. माझं हिंदी बेताचंच. मी म्हटलं, "वो आपका नाम रोज लेते हैं. पहला नग आपके नाम का रखते हैं." त्याने मांडीवरच्या पिशवीची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "कौन? मैं इधर किसी को नहीं जानता, बेटी." मी घरी चला म्हटलं, आई आहे, जेवून जा म्हटलं. त्याने दोन्ही हात जोडले. भुसावळकडे जाणारी गाडी आली तेव्हा डब्यात चढता चढता म्हणाला, "हाथ अच्छा है उसका." तो कुठे गेला ते मला कधी कळलं नाही.

सोमवारी शाळेत जाताना मी मुद्दाम खिडकीकडे पाहिलं. पहिली टोपली नुकतीच उतरली होती आणि फळीवरच्या वाटीतून वाफ निघत होती. ती वाटी रिकामी असती तर मी कदाचित थांबले असते, त्यांच्याशी भांडले असते, आणि भांडून झाल्यावर पुडकंही घेतलं असतं. पण समोर आलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे आणि नसलेल्या माणसाला नैवेद्य ठेवायचा, हे मला गिळता येईना. मी त्या खिडकीशी पुन्हा उभी राहिले नाही. आई विचारायची, "काऊन वं, भाऊचे फुनके काऊन नाही आनत?" मी म्हणायचे, डाळ बाधते. भाऊ मला लांबून बघायचे आणि सवयीने पान हातात घ्यायचे. मी रस्त्याच्या पलीकडून जायचे.

पुढे माझं लग्न झालं, मी अकोल्याला आले. भाऊंच्या तिन्ही मुलींची लग्नं चांगली झाली असं कळलं. नंतर ते गेल्याचंही कळलं, आणि मला जेवण गेलं नाही. त्यांच्यावरचा राग मात्र गेलेला नाही. पोरींचा बाप म्हणून त्यांनी जे केलं ते मी समजू शकते, आता तर जास्तच समजू शकते. पण ज्या माणसाकडे मी वर्गभर मुलींना बोट दाखवलं होतं त्याने गल्ला उघडला तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

दर गणपतीला मोदक मीच करते. अंगठा स्थिर राहतो, पारी फिरते, आणि शेवटची पाकळी आपोआप उलटी वळते. मी ती दरवर्षी मोडून सरळ घालायला जाते. सरळ घातलेला मोदक वाफेत उकलतो, म्हणून पुन्हा उलटीच घालते. परवा सूनबाई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आई, ही शेवटची कळी किती वेगळी घालता. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि मोदकपात्राचं झाकण उचललं.